समज देऊन सोडायचं, की आत टाकायचं?

नवऱ्याने बायकोला मारलं, शेजाऱ्यांनी फोन केला, पोलीस दारात आले. पुढे काय? 1980 च्या आसपास अमेरिकेत बऱ्याचदा ‘घरातलं भांडण’ म्हणून समज देऊन पोलीस परत फिरत. त्याने मारहाण थांबते का, हे कुणी नीट मोजलंच नव्हतं. गुन्हेगारीशास्त्राचे प्राध्यापक लॉरेन्स शेरमन यांनी ते मोजायला घेतलं.

1981-82 मध्ये मिनियापोलिस शहरात रिचर्ड बर्क यांच्या साथीने त्यांनी चक्क औषधाच्या चाचणीची पद्धत वापरली. गस्तीवरच्या पोलिसांना तीन रंगांच्या फॉर्मचं पॅड दिलं. रंगांचा क्रम सोडतीने ठरवलेला. किरकोळ मारहाणीचं प्रकरण आलं, की वरच्या कागदाच्या रंगाप्रमाणे वागायचं : अटक, समज, किंवा मारणाऱ्याला आठ तास घराबाहेर. पोलिसाची मर्जी चालणार नाही. अर्थात पुढचा रंग आधीच दिसत असल्याने पळवाट होतीच, आणि ती टीका पुढे झालीही.

314 प्रकरणं जमली. पुढच्या सहा महिन्यांत पोलिसांच्या नोंदीत पुन्हा हिंसा दिसली ती अटकेनंतर 10 टक्के, समज दिल्यावर 19 आणि घराबाहेर काढल्यावर 24 टक्के प्रकरणांत. 1984 मध्ये निष्कर्ष छापून आले आणि एकेक राज्य अटक सक्तीची करू लागलं. एका शहरातल्या तीनशे प्रकरणांच्या जोरावर! खुद्द संशोधकांनी सरसकट सक्ती सुचवली नव्हती.

मग इतर शहरांत प्रयोग झाले. मिल्वॉकीतला 1987-88 चा, 1,200 प्रकरणांचा प्रयोग शेरमन यांचाच. तिथे नोकरदार माणूस अटकेनंतर वचकला. त्याला गमावण्यासारखं काही होतं. बेकार माणूस मात्र उलट जास्त हिंसक झाला. ज्या निष्कर्षाने नाव झालं, त्यालाच सुरुंग लावणारी ही आकडेवारी त्यांनी स्वतः मांडली. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं काम हेच.

ते तिथेही थांबले नाहीत. हेदर हॅरिस यांच्यासह त्यांनी मिल्वॉकीतल्या 1,125 पीडितांचा 23 वर्षांनी माग काढला. जोडीदाराला फक्त समज मिळाली होती त्यांच्यापेक्षा, जोडीदाराला अटक झाली होती त्या पीडितांमध्ये मृत्यूचं प्रमाण 64 टक्क्यांनी जास्त निघालं. कृष्णवर्णीय पीडितांमध्ये तर 98 टक्क्यांनी. हे खून नव्हते, बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या आजारांचे. डोळ्यांदेखत झालेल्या अटकेचा ताण शरीराला भोवला असावा, हा त्यावरचा एक कयास. अटक सक्तीचे कायदे मात्र अनेक राज्यांत अजून तसेच आहेत.