अज्ञात प्राण्यांच्या आख्यायिका

अज्ञात प्राण्यांच्या आख्यायिका : ज्यांचे अस्तित्व शास्त्रीय पुराव्याने सिद्ध झालेले नाही, अशा प्राण्यांविषयीच्या आणि काळागणिक रूप पालटणाऱ्या कथा. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांचा वाघदेव या प्रकारात मोडत नाही. तिथे पूजा ओळखीच्या प्राण्याची आहे.

आख्यायिकेला वळण मिळते ते बहुधा नाव पडल्यावर किंवा चित्र छापल्यावर. १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील हमालांनी पाऊलखुणांना दिलेल्या नावाचे कलकत्त्याच्या एका पत्रकाराने चुकीचे भाषांतर केले आणि हिमालयातील वानरसदृश यती हा जगासाठी ‘किळसवाणा हिममानव’ झाला. १९५१ मध्ये गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी बर्फातील एका ठशाचे छायाचित्र घेतल्यावर लोक यतीपेक्षा त्याची पावलेच शोधू लागले. यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची २०१७ मध्ये जनुकीय तपासणी झाली, तेव्हा आठ अस्वलांचे व एक कुत्र्याचा निघाला. २००१ मध्ये दिल्लीत बोलल्या गेलेल्या माकडमानवाच्या अंगावर सुरुवातीला केस होते. पुढच्या वर्णनांत हेल्मेट आणि धातूची नखे आली.

शास्त्रीय नोंदही आख्यायिकेसारखी वागू शकते, हे मात्र खानदेशातील रानपिंगळ्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. १८७३ मध्ये वर्णन झालेल्या या लहान घुबडाचे अनेक नमुने ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात पश्चिम खानदेशात गोळा केले. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळवल्याचे सांगितले, आणि त्या शब्दावर विसंबून पुढच्या अभ्यासकांनी भलत्याच ठिकाणी रान धुंडाळले. प्रत्यक्षात तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, आतला पेंढा पुन्हा भरून नवी चिठ्ठी लावलेला डेव्हिडसन यांचाच नमुना होता. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, खोटी नोंद बाजूला सारून मूळ नमुन्यांवरील ठिकाणे धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्या शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी पोहोचल्या. ११३ वर्षे हरवलेला पिंगळा तिथे निष्पर्ण झाडावर, सकाळच्या उजेडात बसला होता. त्यानंतर तोरणमाळ, यावल आणि मेळघाटातही त्याच्या नोंदी झाल्या आहेत.