‘साइट चालत नाहीये’ कळवण्याआधी एफ१२ दाबून बघा

पुण्यातल्या आमच्या सर्व ग्राहकांसाठी

‘साइट चालत नाहीये, बघा जरा’ एवढाच निरोप आला की आधी नेमकं काय चालत नाही हे विचारण्यातच आपला दोघांचाही वेळ जातो. बरंचसं उत्तर तुमच्याच ब्राउझरमध्ये असतं आणि ते बघायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

क्रोममध्ये एफ१२ दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन) आणि ‘नेटवर्क’ टॅब उघडा. ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा, नाहीतर पान बदललं की यादी पुसली जाते. टॅब उघडण्याआधीचं काही तिथे दिसत नाही, म्हणून आता पेज रिफ्रेश करून फॉर्म पुन्हा भरा. प्रत्येक ओळ म्हणजे सर्व्हरकडे (साइट जिथे चालते तो संगणक) गेलेली एक रिक्वेस्ट, म्हणजे मागणी. लाल ओळ दिसली की तिचा ‘स्टेटस’ वाचा.

समजा, सदाशिव पेठेत तुमचा क्लास आहे. तुम्ही भरून बघितलं की प्रवेशाचा फॉर्म जातो, पण मुलांचा अडकतो. ओळीवर ४१३ दिसलं, तर पाठवलेली फाइल सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे. एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा १ एमबी असते आणि मोबाइलवर काढलेला मार्कशीटचा फोटो सहज ३-४ एमबीचा भरतो. तुम्ही छोटी पीडीएफ जोडली होती, म्हणून तुमचा फॉर्म गेला. हा एक आकडा कळवलात की मर्यादा वाढवणं आमचं काम, आणि ते फार वेळाचं नाही.

४०१ आलं तर पुन्हा लॉगिन करून बघा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. ५००, ५०२, ५०४ असेल तर शोधत बसू नका, सरळ फोन करा; ते सर्व्हरच्या बाजूचं आहे. आकड्याऐवजी ‘फेल्ड’ किंवा ‘ब्लॉक्ड’ दिसलं तर आधी इंटरनेट आणि अ‍ॅड-ब्लॉकर तपासा.

गिऱ्हाइकाचे पैसे कटले पण ऑर्डर ‘पेंडिंग’च, ही तक्रार मात्र एफ१२ने उलगडत नाही. पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) थेट आपल्या सर्व्हरला देतो, त्यात तुमचा ब्राउझर मध्ये नसतोच. या निरोपाला ‘वेबहुक’ म्हणतात आणि तो तपासायला वेबहुक डॉट साइट ही वेबसाइट वापरता येते. ती उघडली की एक तात्पुरता पत्ता मिळतो. तो गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये वेबहुकचा पत्ता म्हणून टाका आणि खोटं पेमेंट करा. निरोप हेडरसकट (सोबतच्या तांत्रिक माहितीसह) समोर दिसला, तर गेटवे निरोप पाठवतोय. मग आपल्या साइटकडे बघायचं. खरे व्यवहार तिथे कधीही वळवू नका, तो पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं दिसू शकतं.

कळवताना ती ओळ, स्टेटस आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट पाठवा. मोबाइलने काढलेला तिरका फोटोही चालेल, आकडा वाचता आला म्हणजे झालं. आम्ही ‘कॉपी अ‍ॅज कर्ल’ किंवा एचएआर फाइल (दोन्ही म्हणजे नेटवर्क टॅबमधल्या रिक्वेस्टची प्रत) मागितली, तर ती ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. त्यात तुमच्या लॉगिनच्या कुकीज (साइट तुम्हाला ज्यांवरून ओळखते त्या नोंदी) असू शकतात. फक्त आमच्या सपोर्टच्या ईमेलवर पाठवा आणि पाठवून झालं की साइटवरून लॉगआउट करा.