मनातली तालीम

ध्यानाला बसल्यावर मन भरकटलं की ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणत बरेच जण उठतात. पण खरा व्यायाम तिथेच सुरू होतो. लक्ष श्वासावर असतं, ते सुटतं, सुटल्याचं कळतं आणि आपण पुन्हा श्वासाकडे वळतो. हे चक्र २०१२ मध्ये एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कोणता भाग केव्हा सक्रिय होतो हे दाखवणाऱ्या यंत्रात, तपासलं गेलं. मन भटकल्याचं कळताच ध्यान करणाऱ्यानं बटण दाबायचं होतं. भटकताना, कळताना आणि परतताना मेंदूतली निरनिराळी जाळी सक्रिय झालेली दिसली. म्हणजे दहा मिनिटांत तीस वेळा भटकून तीस वेळा परतलात, तर तीस जोर काढून झाले. बैठक वाया गेली नाही.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरतात. पाठ ताठ हवी, पद्मासनाचा हट्ट नको, खुर्ची चालते. पहिली दोन मिनिटं चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. उच्छ्वासाच्या वेळी मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. इथे छाती फुगवून श्वास ओढायचा मोह होतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. श्वास संथ हवा, मोठा नको. त्यानंतर श्वासाला त्याच्या चालीनं चालू द्या आणि फक्त उच्छ्वास मोजा, एक ते दहा. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. डुलकी येत असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवा.

ध्यानानं मेंदूची रचनाच बदलते, हा दावा मात्र जपून घ्यावा. ध्यानाच्या आठ आठवड्यांच्या प्रचलित अभ्यासक्रमानंतर असे बदल होतात का, हे तपासणाऱ्या २०२२ च्या काटेकोर प्रयोगात ते आढळले नाहीत. चिंता आणि नैराश्य काही प्रमाणात कमी होतं, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. दहा मिनिटांच्या मोबदल्यात तेवढंही थोडं नाही.

लक्ष जरा स्थिरावलं की मनोचित्रणाकडे, म्हणजे एखादी कृती मनात घडताना पाहण्याकडे, वळावं. आधी ध्यान आणि मग चित्र हा क्रम सोयीचा, नाहीतर दृश्य विरतं किंवा भलत्याच काळजीत शिरतं. मनोचित्रणाची ताकद खरी आहे. मेंदूशास्त्रज्ञ अल्वारो पास्कुआल-लिओन यांच्या १९९५ च्या प्रयोगात काही जणांनी पियानोवरचा बोटांचा एक धडा पाच दिवस, रोज दोन तास, फक्त मनात वाजवला. बोटं न हलवताही मेंदूतला बोटांचा नकाशा, म्हणजे बोटं हलवणारा भाग, विस्तारला. वादनात ते पाचव्या दिवशी तिथे पोचले, जिथे प्रत्यक्ष सराव करणारे तिसऱ्या दिवशी होते. फायदा आहे, पण तो खऱ्या सरावाची जागा घेत नाही. जे काम कधी केलंच नाही, त्याचं मनातलं चित्रही चुकीचंच उमटणार.

सर्वांत जास्त गल्लत होते ती चित्राच्या निवडीत. लोक टाळ्या पाहतात, पदक पाहतात, निकालपत्र पाहतात. मानसशास्त्रज्ञ लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं. उत्तम गुण मिळाल्याचं चित्र रंगवणाऱ्यांपेक्षा, आपण अभ्यास कसा करतो आहोत हे मनात पाहणाऱ्यांना जास्त गुण पडले. निकालाच्या चित्रात समाधान फुकट मिळतं, पुढचं पाऊल मात्र दिसत नाही.

म्हणून कृती पाहा. भाषण द्यायचं असेल, तर खुर्चीतून उठणं, माइकपर्यंतची पावलं, पहिलं वाक्य, हातातल्या कागदाचा स्पर्श. दृश्य स्वतःच्या डोळ्यांतून दिसू द्या आणि वेग खऱ्या कामाचाच ठेवा. परिचित हालचाल मनात करायला साधारण प्रत्यक्षाइतकाच वेळ लागतो, त्यामुळे घड्याळ लावून पडताळता येतं. तीन मिनिटांचं काम मनात चाळीस सेकंदांत उरकत असेल, तर मधले टप्पे गळताहेत. एखादी अडचणही मुद्दाम घाला: वाक्य विसरलात, थांबलात, कागद पाहिलात, पुढे गेलात. सावरण्यापर्यंत न्यायचं, चुकीपाशी सोडायचं नाही. ‘चुकू नकोस’ अशी सूचना तर टाळाच, कारण न चुकण्यासाठी मन आधी चुकीचंच चित्र काढतं. गोल्फच्या प्रयोगांत अशा सूचनेनं नेम बिघडलेला दिसला आहे.

काही जणांना मिटल्या डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही. याला अफँटेशिया म्हणतात आणि तो आजार नाही. त्यांनी स्नायूंचा ताण, आवाज, तोल यांची जाणीव आठवावी किंवा टप्पे मनात शब्दांत बोलावेत. एका बैठकीत दहा मिनिटं मनोचित्रण ठीक, वीसच्या पुढे लक्ष पातळ होतं. डोळे मिटताच जुना आघात उसळून येत असेल किंवा धडधड वाढतच जात असेल, तर डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, आसपासच्या वस्तू न्याहाळा आणि तिथेच थांबा. असं वारंवार झालं, तर पुढचा सराव मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.