खांदा, रेल्वे, मडगार्ड, डिकी : अमेरिकेतलं हरीण घरी कसं पोचतं

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात विस्कॉन्सिन किंवा मिशिगनच्या हायवेवरून गेलेल्या मराठी माणसाने हे पाहिलेलं असतं: साध्या मोटारीच्या मागे लोखंडी जाळीचा ट्रे, आणि त्यावर पट्ट्यांनी आवळून बांधलेलं हरीण. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्यासाठी पाच लाखांच्या वर लोक परवाना काढतात. त्यातल्या सगळ्यांकडे पिकअप ट्रक असतो असं अजिबात नाही. शहरात भाड्याने राहणारा, सेडान किंवा हॅचबॅक चालवणारा नवशिका शिकारी नेमबाजीबद्दल जेवढा विचारत नाही तेवढा या एका गोष्टीबद्दल विचारतो, की मारलेलं हरीण घरी आणायचं कशातून? जुनी खोडं त्याला हसतात. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नाही. अमेरिकेत माणूस जेवढा काळ हरणं मारत आलाय, त्या हिशेबाने पिकअप ही कालपरवाची गोष्ट आहे. आणि तिथल्या शिकारीच्या कायद्यांनी बंदुकीइतकीच, किंबहुना काही वेळा जास्तच, नजर ठेवली ती या वाहतुकीवर.

आधी ओझं किती ते पाहू. पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे तिथलं व्हाइटटेल, चांगलं वाढलेलं असेल तर ७० किलोच्या घरात सहज जातं. गोळी लागल्याजागीच पोट फाडून आतडी-कोठा काढतात. मांस लवकर गार व्हावं हा त्यातला मुख्य हेतू, पण वजनही पंचावन्न किलोपर्यंत उतरतं. कातडं, डोकं, हाडं बाजूला केली की निव्वळ मांस राहतं २५ किलोच्या आसपास. म्हणजे ५५ किलोचं धूड न्यायचं की २५ किलोच्या पिशव्या न्यायच्या, हा निर्णय खरा जंगलातच होतो. गाडी कुठली, हा प्रश्न त्याच्या नंतरचा. मात्र हा निर्णय शिकाऱ्याला नेहमी स्वतःच्या मर्जीने घेता आलेला नाही.

पूर्वेकडच्या जंगलांतल्या इरोक्वाय लोकांकडे ओझ्यासाठी विणलेला रुंद पट्टा असे. तो कपाळावर घेऊन भार पाठीवर सोडायचा, हिमालयातले हमाल आजही नेतात तसा. पश्चिमेच्या गवताळ मैदानांत दोन लांब काठ्या कुत्र्याच्या खांद्यावर जुळवायच्या, मागची टोकं जमिनीवर घासू द्यायची आणि मधल्या आडव्या जाळीवर माल बांधायचा. हे ट्राव्हॉय. स्पॅनिश लोकांमुळे घोडा आला तेव्हा तेच साधन घोड्याला जुंपलं, एवढाच बदल. पण ओझं हलकं करण्याची या लोकांची सर्वात अक्कलहुशारीची युक्ती कुठल्या साधनात नव्हतीच. मांसाच्या पातळ पट्ट्या कापून मुक्कामाच्या जागीच उन्हावर किंवा धुरावर वाळवायच्या. मांसात बहुतांश पाणीच असतं. ते उडालं की ओझं तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतं, आणि मांस सडतही नाही. बर्फाची पेटी नसताना याहून चांगला उपाय आजही सुचणार नाही.

गोरे वसाहतवाले आल्यावर हिशेब उलटा झाला. दक्षिणेत चार्ल्सटनच्या बंदरातून हरणाची कातडी जहाजं भरभरून इंग्लंडला जात. कातडं हलकं, टिकाऊ आणि रोख पैसा देणारं. घोड्यांच्या पाठीवर कातड्यांच्या गठड्या शेकडो मैल जात. मांस तेवढं लांब जाणं शक्य नव्हतं.

मांसालाही लांब नेलं ते रेल्वेने, आणि इथून गोष्ट बिघडत गेली. यादवी युद्धानंतरच्या दशकांत रूळ उत्तरेच्या जंगलांपर्यंत पोचले. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटात धंदेवाईक शिकारी हिवाळाभर हरणं पाडत. थंडीत ती आपोआप गोठत, मग शिकागोच्या आणि पूर्वेकडच्या बाजारांसाठी डब्यात चढत. मागचा भाग, म्हणजे दोन मांड्या आणि कंबर, यालाच चांगला भाव. म्हणून पुष्कळदा तेवढाच तोडून पाठवायचा आणि उरलेलं जागेवर टाकायचं. एकोणिसावं शतक संपताना अख्ख्या देशात व्हाइटटेल हरणं तीन ते पाच लाखच उरली असावीत असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत.

राज्यांनी कायदे केले नव्हते असं नाही. हंगाम ठरवले, विक्रीवर बंधनं घातली. पण जंगलात कोण कुणाला पकडणार? आणि मालाने एकदा राज्याची हद्द ओलांडली की कायद्याचे हात तोकडे. शेवटी पेच सोडवला तो गोळीऐवजी गाडीच्या डब्यावर बोट ठेवून. कनेक्टिकट राज्याने रीतसर मारलेले पक्षीसुद्धा राज्याबाहेर न्यायला बंदी घातली होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ साली ‘गीर विरुद्ध कनेक्टिकट’ खटल्यात न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल दिला. पुढे १९७९ साली हा निकाल फिरवला गेला, पण तोवर त्याने आपलं काम केलं होतं. पाठोपाठ आयोवाचे खासदार जॉन लेसी यांचा कायदा आला. २५ मे १९०० रोजी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्यावर सही केली. एका राज्याचा कायदा मोडून मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात पाठवणं हा आता केंद्रीय गुन्हा झाला. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव आणि आत काय आहे ते स्पष्ट लिहिलं पाहिजे, हेही त्यातच होतं. वन्यजीव रक्षणाचा अमेरिकेतला पहिला केंद्रीय कायदा म्हणून लेसी कायद्याचं नाव घेतात. तो मुळात मालवाहतुकीचा कायदा आहे, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.

हौशी शिकाऱ्याचं हरीणही तेव्हा रेल्वेनेच घरी जायचं. मेन राज्याच्या उत्तरेत १८९१ साली स्थापन झालेली बँगॉर अँड अरूस्टूक रेल्वे शिकाऱ्यांना ओढण्यासाठी दरवर्षी सचित्र पुस्तिका काढायची. जंगलातून स्टेशनपर्यंतचा टप्पा स्थानिक वाटाड्याच्या जिवावर. न्यूयॉर्कच्या ॲडिरॉनडॅक डोंगरात तर तळ्यांमागून तळी, म्हणून तिथे हरीण होडीतून निघायचं. पाणी संपलं की वाटाड्या तीच हलकी होडी उलटी करून खांद्यावर घ्यायचा आणि पुढच्या तळ्यापर्यंत चालत जायचा. साहेब मागून बंदूक घेऊन. फोटोत मात्र हरणाशेजारी साहेबच.

मोटार आली आणि हे सगळं मोडलं. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली निघाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कारखान्यातल्या कामगाराला परवडेल इतकी स्वस्त झाली. डेट्रॉइटचा कामगार स्वतःच्या गाडीने उत्तरेला शिकारीला जाऊ लागला. मिशिगनचा बंदुकीचा हंगाम वर्षानुवर्षं १५ नोव्हेंबरलाच उघडतो, वार कुठलाही असो. राज्याचा उत्तरेकडचा तुकडा, अप्पर पेनिन्सुला, मॅकिनॉच्या सामुद्रधुनीपलीकडे. रेल्वेच्या फेरीबोटी मोटारींचं भाडं भरमसाट घ्यायच्या म्हणून १९२३ साली राज्याने स्वतःची मोटारफेरी सुरू केली. तरी हंगामाच्या तोंडावर धक्क्यावर गाड्यांच्या मैलोगणती रांगा लागत, लोक गाडीतच रात्र काढत. अखेर तिथे पाच मैलांचा पूल झाला. तो वाहतुकीला खुला झाला १ नोव्हेंबर १९५७ रोजी, म्हणजे शिकारीच्या हंगामाच्या बरोबर दोन आठवडे आधी.

या रांगांमधल्या गाड्यांवर हरीण असायचं ते पुढच्या चाकावरच्या रुंद मडगार्डवर. मडगार्ड आणि बॉनेट यांच्यामधल्या खोलगट जागेत धड बसायचं, शिंगं हेडलाइटकडे, आणि दोर पायरीच्या फळीखालून फिरवून आवळलेला. ही मिरवणूक होती यात शंका नाही. गावात शिरल्यावर लोकांनी वळून बघावं हा हेतू असायचाच. मिशिगनच्या गावांत चौकात आडवा बांबूसारखा वासा उभारून त्याला सगळ्यांची हरणं टांगायची प्रथा अजून आहे, तीही त्याच हौसेची. पण उघड्यावर नेण्यामागे नुसती हौस नव्हती. मेनसारख्या राज्यात नोंद होईपर्यंत शिकार दिसेल अशीच न्यावी लागते, झाकून नेली तर संशय. मांसाच्या दृष्टीने मात्र ही जागा वाईटच. एका बाजूने इंजिनाची धग, दुसऱ्या बाजूने रस्त्याची धूळ आणि चिखल. दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्यांचे मडगार्ड अंगातच विरले, १९४९ची फोर्ड त्याचं ठळक उदाहरण. हरणाची ती बैठक गेली. मग ते टपावर चढलं.

पिकअप तोवर येऊन बसलेली होती. फोर्डने कारखान्यातूनच मागे हौदा बसवलेली मॉडेल टी १९२५ साली विकायला काढली, २८१ डॉलरला. युद्धानंतर १९४८ची एफ मालिका आली. शेतकऱ्याची गाडी हळूहळू सगळ्यांची झाली आणि शिकार म्हणजे पिकअप हे समीकरण एका पिढीत इतकं पक्कं झालं की आधीचं लोक विसरूनच गेले. त्याच काळात हरणंही परत वाढत होती. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला, त्याचा त्यात मोठा वाटा आहे.

ट्रकला जिथे कायमचा मज्जाव, अशी जमीनही अमेरिकेने राखून ठेवली. १९६४च्या विल्डरनेस कायद्याने संरक्षित रानांत मोटार तर सोडाच, कुठलीही यांत्रिक वाहतूक चालत नाही. सायकलची चाकं लावलेली, हाताने ओढायची हरणाची गाडीसुद्धा तिथे बेकायदा. उरतात घोडे, खेचरं, लामा, नाहीतर स्वतःची पाठ. ओझं पाठीवर बांधायची चौकटही सुधारत गेली: वॉशिंग्टन राज्यातल्या लॉइड नेल्सनने अलास्कातल्या मूळ रहिवाशांची चौकट पाहून १९२०च्या दशकात लाकूड आणि कॅनव्हासची आपली ‘ट्रॅपर नेल्सन’ आणली, आणि १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टीने ॲल्युमिनियमची सुरू केली. या रानांत हरीण तिथेच सोडवायचं. दोन खांदे, दोन मांड्या, पाठीच्या कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्या, मानेचं मांस. सुती पिशव्यांत भरून दोन खेपांत बाहेर. शिंगं पाठीवर असतील तर त्यांना भडक नारिंगी कापड गुंडाळतात. झुडपांवरून हलणारी शिंगं पाहून दुसऱ्या कुणी गोळी घालू नये म्हणून.

मग सपाट मुलुखातले लोक हेच का करत नव्हते? कारण पुष्कळ राज्यांत हरीण अख्खं नोंदणी केंद्रावर आणून दाखवावं लागे. तिथे वय बघत, वजन करत, धातूची किंवा कागदाची खूण लावत. तुकडे करून आणलं तर दंड. म्हणजे ट्रकची गरज काही अंशी सरकारी नियमानेच निर्माण केली होती. फोन आणि इंटरनेटने ती मोडीत काढली. विस्कॉन्सिनने २०१५ पासून नोंदणी ऑनलाइन आणि फोनवर आणली. हरीण आता कुणाला दाखवायला न्यायचं नाही.

दुसरा धक्का रोगाचा. कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पाळलेली म्यूल डियर जातीची हरणं १९६७ साली खंगून मरताना दिसली. हा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. मेंदूतली प्रथिनं चुकीची घडी घेतात आणि जनावर झिजून मरतं. औषध नाही, लस नाही. २००२ साली तो मिसिसिपीच्या पूर्वेला, विस्कॉन्सिनमध्ये सापडला आणि आता तीसहून जास्त राज्यांत आहे. रोगाचा अंश मेंदूत, मज्जारज्जूत आणि लसीकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) सर्वाधिक असतो, आणि जिथे असं कलेवर टाकलं जातं तिथल्या मातीत तो वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून अनेक राज्यांनी बाहेरून अख्खं हरीण आणायला बंदी केली. चालतं ते हाडांवेगळं मांस, कण्याशिवायचे तुकडे, कातडं, स्वच्छ केलेली कवटीची पाटी आणि तिला जोडलेली शिंगं. लेसीच्या काळासारखंच राज्याची हद्द पुन्हा महत्त्वाची झाली, आणि या खेपेला नियम छोट्या गाडीवाल्याच्या पथ्यावर पडला.

कारण २५ किलो मांस दोन बर्फाच्या पेट्यांत बसतं आणि दोन्ही पेट्या हॅचबॅकच्या डिकीत. मांस चार अंश सेल्सियसच्या खाली राहिलं पाहिजे, बर्फ वितळून साचलेल्या पाण्यात ते बुडता कामा नये, एवढं सांभाळायचं. अख्खंच न्यायचं असेल तर बर्फावर खेळायची प्लास्टिकची घसरगाडी दुहेरी कामाला येते: रानातून ओढायला आणि डिकीत खाली अंथरायला, म्हणजे रक्त गालिच्यावर जात नाही. नुसत्या दोरीने ओढायचं तर डोक्याकडून ओढतात. त्या दिशेने केस अंगासरशी बसतात, शेपटीकडून ओढलं तर उभे राहून पाचोळा धरतात. मागच्या ट्रेला मात्र मर्यादा आहे. छोट्या गाडीच्या पहिल्या वर्गाच्या हिचवर, म्हणजे ट्रे अडकवायच्या मागच्या जोडणीवर, ट्रेसकट ९० किलोपर्यंतच वजन टाकता येतं.

आपल्याकडे या सगळ्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने पूर्णविराम दिला. चितळ-सांबराची शिकार तर गुन्हा आहेच, त्यांचं मांस जवळ सापडणंही गुन्हाच. त्यामुळे शिकागो किंवा मिनिॲपोलिसच्या मराठी घरात शेजाऱ्याने हरणाच्या मांसाची पिशवी आणून दिली की भारतातून आलेले आईवडील आधी दचकतात. तिथे ती रीतसर परवान्याची असते. विक्री बंद असल्याने जंगलातल्या हरणाचं मांस खाणं किंवा वाटून टाकणं, हेच काय ते मार्ग.

हरणाचं डोकं तेवढं या सोयीत बसत नाही. रोगाची तपासणी मानेच्या वरच्या भागातल्या लसीकाग्रंथींवरून होते, म्हणून डोकं आणि थोडी मान त्याच भागातल्या संकलन पेटीत, नाव आणि परवाना क्रमांकाच्या चिठ्ठीसह सोडावी लागते. काही ठिकाणी तपासणी सक्तीची, काही ठिकाणी ऐच्छिक. निकाल यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर मांस फ्रीजरमध्ये ठेवायचं, पण कुणाला वाटायचं नाही.