भिंत नेमकी कुठे सुकते?

जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिका या जुन्या चर्चच्या गिलावा नसलेल्या लाल भिंतीसमोर गेल्या डिसेंबरात एक बाई आपल्या मुलाला सांगत होत्या, "बघ, बाकीची चर्च रंगवून टाकलीत, हे मात्र मूळ रूपात ठेवलंय." हे वाक्य मी तिथे आजवर अनेकदा ऐकलंय. माझ्या ओळखीतल्या दोघातिघांनी तर त्या लाल भिंतीवर भाळून आपल्या नव्या घरांचा चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, मुद्दाम उघडा ठेवला. म्हणून हा लेख.

मूळ रूप पांढरं होतं. १५९४ साली बांधकाम सुरू झालं, १६०५ मध्ये चर्च पूर्ण होऊन त्याचं पवित्रीकरण झालं. भिंती जांभ्याच्या, त्यावर चुन्याचा गिलावा, आणि कोरीवकाम तेवढं काळ्या पाषाणात. हा गिलावा साडेतीनशे वर्षं भिंतीवर होता. तो पावसाने गळून पडला नाही, पोर्तुगीज सरकारनेच १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उतरवून घेतला. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत पोर्तुगालमधल्या जुन्या चर्चवरचे थर खरवडून 'अस्सल' दगड उघडा करण्याची पद्धत रूढ झाली होती. हे काम करणाऱ्या सरकारी खात्यात मुरलेले वास्तुविशारद बाल्ताझार कास्ट्रो यांना गोव्यात पाठवलं गेलं. याच चर्चमध्ये ज्यांचं शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या निधनाला १९५२ मध्ये ४०० वर्षं पूर्ण होत होती, आणि वसाहतीतलं हे वैभव प्राचीन दिसायला हवं होतं. उत्तर पोर्तुगालातल्या ग्रॅनाइटला असं उघडं पडणं सोसतं. जांभ्याला सोसत नाही.

जांभा हा तसा दगड नव्हेच. मूळ खडकातलं जे जे विरघळण्यासारखं होतं ते लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन नेलं. मागे राहिली लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं आणि चिकणमाती. चिरा फोडून पाहा. तांबूस, कठीण जाळी दिसेल आणि तिच्या पोकळ्यांमध्ये पिवळट-पांढरी माती. खाणीत तो इतका मऊ असतो की हत्याराने तासता येतो, आणि उन्हावाऱ्यात वाळला की घट्ट होतो. 'उघड्यावर जांभा पक्का होतो' हे आपल्याकडचं म्हणणं इथवर खरं आहे. पण घट्ट होते ती जाळी. पोकळ्यांतली माती मातीच राहते. पावसाचा मारा थेट बसला की ती धुऊन जाते, आणि मग आधार गेलेली जाळी कुरतडल्यासारखी झडू लागते.

आता मुख्य गोष्ट. कोकणातली भिंत भिजणारच. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस वरून, आणि केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांच्या ओढीने, जोत्यातून चढणारी ओल खालून. त्यामुळे भिंत भिजते का, हा प्रश्नच नाही. ती सुकते कुठे, हा खरा प्रश्न आहे. पाणी वाफ होऊन जातं, पण त्यात विरघळलेलं मीठ जात नाही. पाण्याची वाफ जिथे होते तिथेच मिठाचे स्फटिक धरतात. आपण ज्याला लोणा म्हणतो तो हाच. स्फटिक पृष्ठभागावर धरले तर पांढरी भुकटी दिसते, ती झाडून टाकता येते. ते छिद्राच्या आत वाढले तर छिद्राच्या भिंतींवर रेटा देतात आणि पोपडे सुटतात.

साध्या मिठाचा एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो: ७५. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. भर पावसाळ्यात आर्द्रता सतत वर, म्हणून मीठ विरघळलेलं आणि शांत असतं. ऑक्टोबरपासून मात्र किनाऱ्यावर पहाटे हवा दमट आणि दुपारी कोरडी. म्हणजे मीठ रात्री विरघळणार आणि दुपारी पुन्हा स्फटिक होऊन रेटा देणार, असं रोज. पावसाने माती धुतलेली असतेच. तिच्यामागे उरलेली जाळी हे मीठ हिवाळ्याच्या कोरड्या, सुंदर दिवसांत फोडतं.

गिलाव्याचं काम इथे सुरू होतं. पाणी मोठ्या छिद्रातून बारीक छिद्राकडे ओढलं जातं, कारण छिद्र जितकं अरुंद तितकी ओढ जास्त. चुन्याच्या गिलाव्यात एकसारखी, बारीक, एकमेकांना जोडलेली छिद्रं असतात. चिऱ्यातलं पाणी तो टिपून घेतो आणि वाफ होण्याची जागा दगडातून बाहेर, स्वतःत आणतो. मीठ त्याच्यात साठतं, तो झिजतो, पडतो, आणि नवा लावता येतो. सिमेंट हे करत नाही. ते इतकं दाट असतं की पाणी मागेच अडकतं आणि वाफ चिऱ्यात होते. वरून गुळगुळीत दिसणारा लेप चार-पाच वर्षांनी पत्र्यासारखा सुटतो, सोबत चिऱ्याचा पदर घेऊन. जोत्यातून ओल चढत असेल, तर 'नॅनो' म्हणून विकले जाणारे जलरोधक लेपही हाच घोटाळा करू शकतात.

चुन्याचा आणखी एक गुण आहे. चुनखडी किंवा शिंपले ९०० अंशांच्या आसपास भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीची ५६ किलो चुनकळी उरते. पाणी घातलं की ती विरते, भिंतीवर लावली की हवेतला तोच वायू परत घेत बाहेरून आत, अगदी सावकाश, पुन्हा चुनखडी होते. आतला न बदललेला चुना बारीक तड्यात शिरणाऱ्या पाण्यात विरघळतो आणि तिथेच बसून तडा बुजवतो. गूळ, हिरडा घालून केलेल्या 'गुप्त मसाल्या'चे संदेश मोबाइलवर फिरतात. गुळाने चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि सावकाश धरतो, हे साधं रसायन आहे. त्यात गुप्त काही नाही, आणि नीट न विरलेल्या चुन्याला गूळ वाचवत नाही.

जुन्या गोव्यात उलट चूकही पाहायला मिळते. संत ऑगस्टिनचं चर्च १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्यावर ओस पडलं. १८४२ मध्ये त्याचं कमानदार छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग. आज ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा उरलाय. ते कुणी पाहिलं नाही म्हणून गेलं. बॅसिलिकेकडे पाहिलं, पण भलतंच केलं. तिथले धर्मगुरू गेली काही वर्षं चुन्याचा गिलावा परत द्या म्हणून मागणी करतायत, आणि माझ्या मते ते बरोबर आहेत. 'लोकांना लाल रंगाची सवय झालीय' हे कारण वारशाच्या नावाखाली देऊ नये.

आपल्याकडे गिलावा परवडत नसे ती माणसंही चिरा असाच सोडत नसत. मिरग लागायच्या आधी पावसाच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं बांधली जायची, छपराची पाखी लांब काढलेली असायची. बॅसिलिकेच्या उंच दर्शनी भिंतीला ना पाखी, ना झापं.

आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीवर चुन्याचा हातभर तुकडा शिल्लक होता. दुरुस्तीच्या वेळी गवंड्याने तो अलगद काढला. खाली चिऱ्यावर खाणीतल्या हत्याराचे तिरके घाव जसेच्या तसे होते. त्याच्याच शेजारी, गिलावा कधीचा पडलेल्या जागी, चिरा दोन बोटं आत गेलेला होता.