पार्श्वभूमी : श्वानपथकाचा इशारा आणि कोर्टातला पुरावा

‘श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग दाखवला आणि तिथेच ते घुटमळले, चोरटे तिथून वाहनाने पसार झाले असावेत, असा पोलिसांचा कयास आहे.’ घरफोडीच्या बातमीतलं हे वाक्य मराठी वाचकाला तोंडपाठ असतं. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. कुत्रा थांबला, हे त्याचं वागणं. गंध इथे तुटला, हा हस्तकाने, म्हणजे कुत्र्याला हाताळणाऱ्या पोलिसाने, लावलेला अर्थ. गाडी उभी असणार, हा तपास अधिकाऱ्याचा तर्क. बातमीत हे खपून जातं. खटल्यात या तिन्हींची फोड करावीच लागते, आणि गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतला वाद मुख्यतः या फोडीवरचाच आहे.

श्वानाचं पोलिसी काम तीन प्रकारचं असतं. घटनास्थळावरच्या वस्तूचा वास देऊन माग काढणं हा पहिला प्रकार. स्फोटकं किंवा अमली पदार्थ हुंगून शोधणं हा दुसरा. रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून त्या वासाचा माणूस दाखवणं हा तिसरा. दुसऱ्या प्रकारात कुत्र्याने दाखवलेल्या जागी वस्तू सापडते आणि तिथे त्याचं काम संपतं. पुढचं सगळं जप्ती पंचनामा, सीलबंद नमुना आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल पेलतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिलं. ते स्फोटक होतं हे सिद्ध करायला त्याच्या नाकाची गरज उरली नाही. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात मात्र हाती काहीच लागत नाही, कुत्र्याचं वागणं हाच पुरावा असतो. हा फरक निकालांमध्ये जितका स्पष्ट यायला हवा होता तितका आलेला नाही.

जुना इतिहास थोडक्यात. अमेरिकेत केंटकीच्या न्यायालयाने १८९८ साली ब्लडहाउंडचा माग अटी घालून स्वीकारला. कुत्रा जातिवंत असावा, शिकवलेला असावा, माणसांच्या मागावर आधी पारखलेला असावा आणि गुन्हेगार जिथून गेला हे नक्की माहीत आहे अशाच जागेवर त्याला सोडावं, अशा त्या अटी होत्या. पाचच वर्षांनी नेब्रास्काने असा पुरावा झिडकारला. भारतात स्वातंत्र्यानंतर पोलिसांची श्वानपथकं उभी राहिली. मुंबईचं पथक १९५९ साली डॉबरमन कुत्र्यांनिशी सुरू झालं. कोर्टांसमोर प्रश्न येऊ लागले ते त्यानंतर.

मूळ निकाल १९६९ चा आहे, आणि तोही महाराष्ट्रातून गेलेल्या, रेल्वेगाडी रुळावरून घसरवल्याच्या खटल्यातला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात नेहमीचे तीन आक्षेप मांडले. एक, कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीने हस्तक बोलतो, म्हणजे हा ऐकीव पुरावा. दोन, माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर सोपवू नये. तीन, अशा पुराव्याचा ज्यूरीवर त्याच्या मोलाहून जास्त प्रभाव पडतो. तिसरा आक्षेप सरळसरळ परदेशी ग्रंथांतून आलेला दिसतो, कारण आपल्याकडे ज्यूरी पद्धत तेव्हा मावळत आलीच होती.

न्यायालयासमोर उत्तर आयर्लंडचा १९६६ चा एक निकाल होता. रेल्वेलगतच्या खांबावरची तार चोरणारे पळाले आणि थोड्या वेळात जवळच्या रस्त्यावर पकडले गेले. सुमारे दीड तासाने कुत्र्याला खांबाच्या पायथ्याशी नेलं. जिथे संशयितांना पोलिसांच्या गाडीत बसवलं होतं, तिथपर्यंत तो सलग गेला आणि गोंधळून थांबला. तिथल्या कोर्टाने हा पुरावा घेतला. कुत्रा हे माग काढण्याचं उपकरण आहे, हस्तक त्या उपकरणाची हालचाल सांगतो, जसा वाहतूक हवालदार स्पीडोमीटरचा आकडा सांगतो, अशी त्यांची मांडणी होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाला उपकरणाची ही कल्पना पटली नाही. रसायनं, रक्तपेशी, जिवाणू यांना इच्छा नसते; कुत्रा हुशार प्राणी आहे, त्याच्याकडे विचार आहे, आणि विचार आला की चूक, फसवणूक आणि स्वतःची फसगतही आली, असं न्यायालय म्हणालं. म्हणून विज्ञानाच्या सध्याच्या अवस्थेत श्वानाने काढलेल्या मागाचा पुरावा, ग्राह्य धरला तरी, सहसा फारशा वजनाचा नसतो, असंही ते म्हणालं.

पुढच्या निकालांमध्ये हे शेवटचं वाक्यच जास्त उद्धृत होत गेलं. त्याच निकालात लगेच पुढे असं आहे की या प्रकरणात अशा पुराव्याच्या ग्राह्यतेबद्दल अंतिम मत देण्याची किंवा सर्वसाधारण नियम घालण्याची गरज नाही. श्वानाचा पुरावा वगळला असं धरूनही बाकीचा पुरावा पुरेसा आहे. म्हणजे ज्याला वकील मंडळी ऑबिटर म्हणतात, तशा ओघात आलेल्या मताचा पुढे नियम झाला. ‘सध्याच्या अवस्थेत’ आणि ‘सहसा’ हे दोन शब्द बिचारे वाटेत गळून पडले. शिवाय ते वाक्य माग काढण्याबद्दल होतं. पुढे हुंगून पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्यांची चर्चा निघाली, तरी तेच पुढे केलं गेलं. निकाल चुकीचा होता असं नाही. पण श्वानाच्या पुराव्याची पारख कोणत्या कसोट्यांवर करायची, हा प्रश्न त्याने मोकळा ठेवला होता आणि नंतरच्यांनी तो बंद झालाय असं समजून घेतलं.

१९९३ साली दिल्लीतल्या एका प्रकरणात कुत्र्यांनी मृत पत्नीच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते दिशाभूल करणाऱ्या संशयाचं कारणही ठरू शकतं असं म्हणून त्याला सोडलं. एकाच घरात राहणाऱ्या माणसाचा वास मृतदेहापाशी मिळणारच, त्यातून खून सिद्ध होत नाही. २००१ साली आंध्र प्रदेशातल्या खटल्यात न्यायालयाने कमकुवतपणा नेमका कुठे आहे ते सांगितलं : कुत्र्याची किंवा त्याच्या हस्तकाची चूक, वागण्याचा चुकीचा अर्थ, आणि कुत्रा नक्की कोणत्या क्षमतेने ओळखतो याबद्दलचं अपुरं ज्ञान. तपासात असे प्रयत्न करून पाहायला हरकत नाही, न्यायदानाला ते परवडत नाहीत, असा त्याचा सूर होता. २००८ च्या आसामातल्या निकालानेही श्वानाची मदत तपासापुरतीच ठेवली. तिच्यावर दोष सिद्ध करता येणार नाही असं सांगितलं.

या सगळ्यात व्यवहाराच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, १९९३ मधला. आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. माग कसा काढला याची अचूक आणि पूर्ण नोंद हवी, पंचनामा आणि हस्तकाची साक्ष यांत तफावत नको, हस्तक उलटतपासणीत टिकायला हवा, आणि कुत्र्याचं प्रशिक्षण, कौशल्य, आधीची कामगिरी कोर्टासमोर यायला हवी, असं त्यात आहे. म्हणजे उच्च न्यायालयाने दार किलकिलं ठेवलं होतं. तपास यंत्रणांना त्यातून आत जाता आलं नाही, याचं कारण बहुतेक वेळा पंचनाम्यातच सापडतं. ‘श्वानास वास दिला असता ते अमुक दिशेने गेले’ एवढ्या एका ओळीवर काही उभं राहत नाही. वास कोणत्या वस्तूचा दिला, ती वस्तू आधी कोणी हाताळली, चिमट्याने उचलली की हाताने, घटना घडून किती तास झाले होते, जमीन ओली होती की डांबरी, ऊन-वारा कसा होता, दोरी किती लांब सोडली होती, कुत्रा कुठे वळला, कुठे परत फिरला, संशयित कुठे बसला होता आणि तो संशयित आहे हे हस्तकाला ठाऊक होतं का, हे सगळं लिहावं लागतं. शेवटचा मुद्दा बाकी सगळ्यांना पुरून उरतो.

माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत झडतात. पाऊल पडतं तिथे तुडवलेलं गवत आणि उकरलेली माती यांचाही वास सुटतो, आणि मागावरचा कुत्रा या सगळ्या मिश्रणावर चालतो. दमट, गवताळ जमिनीवर माग जास्त टिकतो. तापलेल्या डांबरावर लवकर विरतो. श्वानपथक सहसा जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. ते पोहोचेपर्यंत घरातली माणसं, शेजारी, गावचे पोलीस पाटील आणि ठाण्यातले कर्मचारी त्याच उंबऱ्यावरून ये-जा करून गेलेले असतात. मग कुत्रा ज्याच्यापर्यंत जातो, तो कटावणी टाकून पळालेला चोर असू शकतो, किंवा ती कटावणी आधी उचलून पाहणारा शेजारी.

हुंगून शोधणाऱ्या कुत्र्याच्या चुका वेगळ्या असतात. तो बहुतेकदा पदार्थ नव्हे, त्याच्यासोबत येणारी एखादी उडनशील वाफ ओळखतो. कोकेनच्या बाबतीत ती मिथाइल बेंझोएटची असते, आणि हेच रसायन सुगंधी द्रव्यांतही वापरतात. हेरॉइनमध्ये ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरसारखा, वास येतो. आरडीएक्सची स्वतःची वाफ जवळजवळ नसल्यात जमा असते. ते बनवताना वापरलेल्या सायक्लोहेक्झॅनोनसारख्या द्रावकावर कुत्रा इशारा देऊ शकतो. सरावाचे नमुने कायम एकाच जातीच्या प्लास्टिक पिशवीत ठेवले, तर कुत्रा पिशवी शिकतो. पदार्थ काढून नेल्यावरही वास मागे राहतो. तेव्हा इशारा खरा असतो आणि हाती काही लागत नाही. बचाव पक्ष त्याला चूक म्हणतो, हस्तक अवशिष्ट गंध म्हणतो, आणि कोण बरोबर हे ठरवायला नंतर काहीच साधन नसतं.

या सगळ्याहून नाजूक भाग हस्तकाचा. २०११ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रा आणि हस्तक अशा १८ जोड्या तपासल्या. खोल्यांमध्ये अमली पदार्थ किंवा स्फोटकं मुळीच नव्हती. हस्तकांना मात्र ती असू शकतात, आणि लाल कागद जागा दाखवतो, असं सांगितलं होतं. इशारा एकदाही यायला नको होता, आले २२५. लाल कागद होते त्या ठिकाणी सगळ्यात जास्त. कुत्रा माणसाकडे पाहून शिकतो. पाय थबकला, दोरी जराशी ताणली, त्याच बॅगेपाशी दुसऱ्यांदा नेलं, एवढं त्याला पुरतं. हस्तक लबाड असण्याची गरज नाही. म्हणून सरावात लपवलेली जागा हस्तकाला आणि परीक्षकालाही माहीत नसावी लागते, आणि काहीच लपवलेलं नाही अशा फेऱ्याही मध्ये मध्ये घ्याव्या लागतात.

परदेशातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. पोलंडमध्ये १६४ कुत्र्यांच्या नियंत्रित चाचण्यांत सुमारे ८८ टक्के इशारे बरोबर आले. गाड्यांपाशी मात्र कामगिरी ठळकपणे घसरली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या लोकपालाने २००६ मध्ये रस्त्यावरच्या इशाऱ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा फक्त २६ टक्के झडत्यांत अमली पदार्थ सापडले. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. समजा हजार बॅगांपैकी दहांत माल आहे. कुत्रा दहापैकी नऊ पकडतो आणि रिकाम्या बॅगांवर शंभरात पाच वेळा चुकतो. म्हणजे नऊ खरे इशारे आणि जवळपास पन्नास खोटे. चांगल्या कुत्र्याच्या सहा इशाऱ्यांमागे एकदाच माल मिळाला, याचं नवल वाटायला नको.

तिसऱ्या प्रकाराची, म्हणजे रांगेतून माणूस दाखवण्याची, कथा सगळ्यात वाईट आहे. नेदरलँड्समध्ये संशयिताचा आणि इतर काही जणांचा वास लावलेल्या स्टीलच्या नळ्या रांगेत मांडून कुत्र्याकडून ओळख करून घेत. १९९७ ते २००६ या काळात देशाच्या उत्तर आणि पूर्व भागात हस्तकांना संशयिताची नळी कितवी हे आधीच माहीत असायचं, असं उघड झालं, आणि असंख्य प्रकरणांवर प्रश्नचिन्ह लागलं. टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २०१० साली, फक्त वासाच्या रांगेवर उभी असलेली शिक्षा टिकू शकत नाही असं ठरवलं. अमेरिकेच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१३ मध्ये झडतीसाठी पुरेसं कारण म्हणून प्रशिक्षित कुत्र्याचा इशारा सहज स्वीकारला. प्रत्यक्ष कामातल्या चुकांची नोंद प्रत्येक वेळी मागण्याची गरज नाही असं सांगितलं. झडती घ्यायला किती संशय लागतो आणि शिक्षा द्यायला किती पुरावा, हे अंतर तिथे निदान उघडपणे मान्य झालेलं आहे.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात अधिकाऱ्याला झडतीसाठी ‘विश्वास ठेवण्यास कारण’ असावं लागतं. स्टेशनवर एखाद्या सुटकेसपाशी कुत्रा बसला, हे असं कारण म्हणून नोंदवता येतं. त्या नोंदीत कुत्रा बसला का, भुंकला का, की हस्तकाला तो ‘अस्वस्थ’ वाटला, हे लिहिणं महत्त्वाचं ठरतं, कारण शिकवलेला इशारा आणि बदललेलं वागणं या दोन गोष्टी आहेत. अस्वस्थ तर कुत्रा उन्हानेही होतो. धापा टाकणारं नाक नीट हुंगत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ३९ खाली तज्ज्ञाच्या मतासाठी विज्ञान, कला यांच्यापुढे ‘किंवा इतर कोणतंही क्षेत्र’ अशी भर पडली आहे. हस्तकाला ऐकीव बोलणारा साक्षीदार न मानता त्याच्या क्षेत्रातला तज्ज्ञ मानावं, असा युक्तिवाद आता करता येईल. तसं झालं तर त्याच्या कुत्र्याचे चुकलेले इशारेही उलटतपासणीत येणार. नोंदवही ठेवलेली नसेल तर तो युक्तिवाद तिथेच अडकेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं दृक्श्राव्य चित्रण बंधनकारक केलं. माग काढताना जप्ती होतेच असं नाही, त्यामुळे ते कलम तिथे लागू पडतं का यावर वाद घालता येईल. सुटकेसपाशी बसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र चित्रण कुत्रा बसल्यानंतर सुरू झालं की आधी, हा बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्न असेल.