रस्त्याकडेचे रायवळ आंबे

रस्त्याकडेचा रायवळ म्हणजे कुणी न लावलेलं आंब्याचं झाड. बैलगाडीतून, एसटीच्या खिडकीतून, आता कारमधून कुणीतरी आंबा चोखून बाठा फेकतं, तो चरीत नाहीतर करवंदीच्या जाळीत पडतो आणि नशीब असेल तर उगवतो, एवढीच काय ती लागवड. सातारा-सांगलीकडं अशी झाडं पश्चिमेला जास्त, म्हणजे पाटण, जावळी, कराडचा डोंगराकडचा पट्टा, शिराळा. माण-खटाव, आटपाडी, जतकडं गेलं की पाऊस ५०० मिमीच्या आसपास येतो आणि तिथं रस्त्याकडेला आपोआप आलेलं झाड म्हटलं की बोर, बाभूळ, कडुनिंब, फार तर चिंच. सारख्या अंतरावर ओळीत उभे असलेले जुने आंबे यात धरायचे नाहीत, ते कुणीतरी मुद्दाम लावलेले असतात. बाठ्याचं झाड ओळ पाळत नाही, कुठंतरी मोरीजवळ नाहीतर वळणावर एकटंच उभं असतं.

हे जमतं ते वेळेमुळं. आंब्याची कोय थांबून राहणाऱ्यातली नाही, फळातून निघाली की काही आठवड्यांत तिच्यातला जीव जातो, वाळली की संपली. पण आपल्याकडं आंबा संपत येतो आणि मृग सुरू होतो, त्यामुळं कोय ओली असतानाच पाऊस पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानांचा कोंब वर येतो. (फुटलेली कोय दगडावर घासून तिची पिपाणी वाजवणं हा खेड्यातल्या पोरांचा जूनमधला उद्योग, त्यात किती झाडं गेली देव जाणे.) पुढची परीक्षा शेळ्यांची. उघड्यावरचं रोप शेळ्या ठेवत नाहीत, काटेरी जाळीत अडकलेलं तेवढं वाचतं, म्हणून कित्येक झाडांच्या बुंध्याशी अजून घाणेरी नाहीतर करवंद दिसते. एकदा सोटमूळ खाली गेलं की मात्र उन्हाळा त्याला फारसा हलवत नाही, कारण हे मूळ नर्सरीच्या पिशवीत वळलेलं किंवा लावताना तुटलेलं नसतं. फळाला सहा ते दहा वर्षं लागतात आणि पुढं झाड शंभर वर्षंसुद्धा उभं राहू शकतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून आलेला, म्हणजे आई माहीत, बाप कुठला ते कुणालाच माहीत नाही. कुंभार्ली घाटातून कराडकडं येणाऱ्या हापूसची कोय रस्त्यात फेकली आणि ती रुजली तरी वर हापूस लागत नाही, काय लागेल ते लागेल. त्यामुळं प्रत्येक रायवळ ही एका झाडाचीच जात, शेजारच्या दोन झाडांची फळंसुद्धा सारखी नसतात. लोक नावंही झाडालाच देतात, शेपूचा वास येतो तो शेप्या, गोड तो साखऱ्या, घट्ट गराचा तो खोबऱ्या, आंबट तो आमट्या. बरेचसे निघतात धाग्याचे, आंबट आणि नुसते चोखायचे, उगाच प्रत्येक रायवळाचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण लोणच्याला हीच कैरी पाहिजे, आणि दशहरी, लंगडा ही आज बाजारात मोठी झालेली नावंसुद्धा मुळात अशीच कोयीतून अवचित आलेली झाडं होती.

थंड देशांत हेच काम सफरचंद करतं. इंग्लंड-अमेरिकेत महामार्गाच्या आणि रेल्वेच्या कडेला खाऊन टाकलेल्या गाभ्यातून झाडं येतात, आणि तिथंही बियाचं झाड आईसारखं फळ देत नाही. ग्रॅनी स्मिथ हे हिरवं सफरचंद ऑस्ट्रेलियात १८६८ च्या सुमारास अशाच अवचित उगवलेल्या रोपातून मिळालं. फरक एवढाच की सफरचंदाचं बी घाई करत नाही, त्याला रुजण्याआधी दोन-तीन महिने ओलसर थंडी लागते, आणि मोठ्या झाडाला फुलायला ७ अंशांखालचे शेकडो तास, नेहमीच्या बऱ्याच जातींना हजाराच्या आसपास. एवढी थंडी महाबळेश्वरलाही मिळत नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेल्या सफरचंदाचं बी कधी कधी इथंही रुजतं, पण रोप आलं म्हणून फळ येईल असं नाही. कमी थंडीत येणारी एचआरएमएन-९९ ही जातसुद्धा हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मा यांना परसात टाकलेल्या बियांतूनच मिळाली, आणि ही असली सफरचंदं लावायचे प्रयोग आता जतसारख्या दुष्काळी तालुक्यातही झालेत.

रायवळाचा खरा शत्रू रुंदीकरण. पुणे-बेंगळुरू हायवे आधी चौपदरी झाला, मग शेंद्रे ते कागल सहापदरीचं काम निघालं, आणि कडेची झाडं अर्थातच पहिली जातात. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे, म्हणजे परवानगीशिवाय तोडता येत नाही, पण रस्त्याच्या कामाला परवानगी मिळते आणि बदल्यात लावतात ती दुसरीच रोपं. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड वाचवायला २०२० मध्ये लोक उभे राहिले आणि हायवेची आखणी बदलली, पण तो वड मोठा होता, देवस्थानाजवळचा होता. मोरीवरच्या आमट्यासाठी कोण भांडणार? आणि वडाची फांदी लावली की वड येतो, शेप्याची कोय लावून शेप्या येत नाही, झाड गेलं की ती चव गेली.

जात टिकवायची असेल तर कलमच करावं लागतं आणि ते अवघड नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोयकलम करतात, रुजलेल्या कोयीचा दहा-पंधरा दिवसांचा लालसर कोंब मधे कापून त्याच्या चिरेत पाहिजे त्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी पाचर करून बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायची. गंमत म्हणजे कोकणात हापूसची कलमं बांधायलाही खाली कोय रायवळाचीच वापरतात. काडी झाडावरून कापायच्या आधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून छाटली तर डोळा फुगतो आणि कलम लवकर धरतं. झाड तोडायच्या यादीत असेल तर तेवढी वाट बघू नये, काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन-तीन दिवस टिकतात.